हिरवं-काळं कापड

पार्मा, मोदेना आणि बोलोन्या अशा तीन शहरांत इव्होला मारहाण झाली. मारणारी माणसे दर वेळी वेगळी होती. दर वेळी इव्होचे पाकीट त्याच्यापाशीच राहिले, आणि दर वेळी त्याच्या सोबत असलेल्या कोर्रादोला कोणी बोटही लावले नाही.

दोघे आओस्ताच्या खोऱ्यातल्या एकाच गावचे. इव्हो रोपवेवर मेकॅनिक होता. धिप्पाड, बडबड्या, दोन मिनिटे गप्प बसला तर लोकांनी तब्येतीची चौकशी करावी असा. कोर्रादो हिमस्खलन विभागात नोकरीला होता. एखादा उतार कोसळला की शेजारच्या बर्फात खड्डा खणायचा, थर उघडे करायचे आणि त्यांतला कोणता थर कच्चा होता ते शोधायचे, हे त्याचे काम. नशीब, नजर, वाईट वेळ या शब्दांना त्याच्या अहवालात जागा नव्हती आणि बोलण्यातही नव्हती. येत्या ऑक्टोबरात इव्होचे लग्न कोर्रादोच्या बहिणीशी, एल्दाशी, व्हायचे होते. ईस्टरच्या जेवणात कोर्रादो सगळ्यांदेखत म्हणाला होता की इव्होची नोकरी हंगामी आहे, तेव्हा आणखी वर्षभर थांबलेले बरे. इव्होने ते हसण्यावारी नेले. एल्दाने नेले नाही.

लग्नाआधी दोघांनी पाठीवर पिशव्या टाकून जुन्या रोमन रस्त्यालगतची शहरे एकामागून एक पाहायची असे ठरवले. प्रवास सर्वांत संथ गाडीने, झोप मठाच्या किंवा वसतिगृहाच्या सर्वांत स्वस्त खाटेवर, आणि जेवण शक्यतो गवतावर.

पिआचेन्झाच्या जुन्या बाजारात, लष्करी घोंगड्या आणि ताडपत्र्या विकणाऱ्या एका ठेल्यावर इव्होने एक कापड उचलले. दुहेरी पलंगपोसाएवढे, जाड, पाणी न शोषणारे. हिरव्या पार्श्वभूमीवर रुंद काळे पट्टे होते आणि एका कडेला पांढरी किनार. इव्होला त्यात मोडकी शिडी दिसे.

"हे कशाला, दाजी?" कोर्रादो म्हणाला. "धोंड्याएवढं जड आहे."

"मेव्हण्या, तुझी झोपायची पिशवी पिसांची. माझी माझ्या बापाची, आणि ती माझ्याआधी उंदरांनी वापरलीये. मठातल्या गादीवर मी हे टाकीन, गवतावर जेवताना टाकीन, पाऊस आला तर पाठीवरच्या सामानावर टाकीन."

"आणि धुणार कोण?"

"तुझी बहीण. म्हणून तर लग्न करतोय."

"हे तिला सांगू?"

"लग्न झाल्यावर सांग."

रात्रीतून कापडावर घामाची ओल साठे. सकाळी ते खिडकीबाहेर वाळत घालण्याचे काम कोर्रादोकडे आले, कारण इव्होच्या गाठी सुटत आणि कोर्रादोच्या सुटत नसत. दोऱ्या खिडकीच्या झडपांच्या आकड्यांना बांधून तो आत पाठ वळवी तोवर इव्हो खाली रस्त्यावर पोचलेला असे. खालून तो स्वतःचे हसरे तोंड पुढे आणि वर लटकणारे कापड मागे असा फोटो काढी आणि इंटरनेटवर टाकी: आमचा आजचा राजवाडा. कोर्रादो एकाही फोटोत नव्हता. गावचे लोक त्यावर थट्टा करत. गावाबाहेरचेही बरेच लोक पाहत, त्याचा इव्होला अभिमान होता.

पार्मामध्ये, संध्याकाळी, दोघे बाप्तिस्म्याच्या गुलाबी दगडी इमारतीकडून मठाकडे परतत होते. गल्लीच्या तोंडाशी तीन तरुण भिंतीला टेकून उभे होते. त्यांतल्या एकाने हातातल्या फोनकडे पाहिले, मग इव्होकडे, आणि सभ्यपणे विचारले, "राजवाड्यात राहणारा तूच ना?"

"मीच!" इव्हो खूश झाला. "ओळखलंस? ये, फोटो काढू."

तरुणाने दोन्ही हातांनी इव्होचे कान धरले, जसे कोणी लाडाने धरावे, आणि स्वतःचे कपाळ त्याच्या नाकावर आपटले. वाळकी फांदी बुटाखाली मोडावी तसा आवाज आला. इव्हो गुडघ्यांवर बसला. दुसऱ्याने त्याच्या तोंडावर लाथ मारली; दात दगडी फरशीवरून टिकटिकत गेला. तिसरा कोर्रादोच्या छातीवर तळहात ठेवून उभा होता. दुकान बंद झाल्यावर दारात आलेल्या गिऱ्हाइकाला थोपवावे, तेवढाच जोर त्याने वापरला.

"आता काढ फोटो," पहिला इव्होला म्हणाला, आणि ते चालत निघून गेले. कोणी धावले नाही.

इव्होने त्या रात्री एक उपपत्ती मांडली. कुठल्या तरी फोटोत त्या पोराची मैत्रीण आली असणार, तीही दुसऱ्याबरोबर. त्याने गर्दीचे सगळे फोटो पुसून टाकले. राजवाडे ठेवले, त्यांत गर्दी नव्हती. कोर्रादोला ती उपपत्ती पटली नाही, पण त्याच्याकडे दुसरी नव्हती.

मोदेनाला स्टेशनखालच्या भुयारी वाटेत ते पुन्हा घडले. दोघांच्या पिशव्या सामानघरात होत्या. कोर्रादो तिकिटे घ्यायला वर गेला होता; खाली उतरला तेव्हा दोन माणसे इव्होला पट्ट्यांनी झोडपत होती. पट्ट्याचे टोक मुठीला गुंडाळलेले आणि बक्कल मोकळे, असे ते धरले होते. बक्कल हवेत शिट्टी वाजवी आणि मग मांसात थांबे. इव्होचा डावा कान अर्धा लोंबत होता.

"कुठे आहे?" एक विचारत होता. "कुठे ठेवलंयस?"

इव्होने पाकीट काढून पुढे केले. त्या माणसाने ते उघडलेही नाही. इव्होच्या रक्ताळलेल्या तोंडावर फेकले आणि पुन्हा पट्टा उचलला. कोर्रादोने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. त्या माणसाने त्याला पाठीवरचे ओझे उतरवावे तसे झटकले, क्षणभर न्याहाळले, आणि सोडून दिले. वरून प्रवाशांचा घोळका उतरला तेव्हा मारणारे दोघे दुसऱ्या जिन्याने निघून गेले.

कान शिवून झाल्यावर कोर्रादो म्हणाला, "घरी जाऊ या."

"का? तुला लागलंय कुठे?"

"नाही."

"मग तुला कसली घाई?" इव्हो हसला, पण शिवलेल्या बाजूने हसता येत नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला रॅव्हेन्नाच्या चर्चमधली मोझेकं बघायचीत. एल्दाला कबूल केलंय. तुझ्या हातापायांना काही झालेलं नाही, तेव्हा चल."

बोलोन्यात पाच जण आले. दुपारची वेळ होती, कमानींच्या पडवीखाली माणसे होती, एका दुकानदाराने शटर खाली ओढल्याचा आवाज कोर्रादोने ऐकला. दोघांच्या पाठीवर पिशव्या होत्या आणि इव्होच्या पिशवीवर कापडाची वळकटी बांधलेली होती. पहिला ठोसा इव्होने चुकवला, दुसरा परतही दिला. समोरच्याचा ओठ फाटला. मग कोणीतरी त्याच्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला लोखंडी नळी मारली. तो पडल्यावर ते भोवती उभे राहिले आणि लाथा मारू लागले. घाईने नाही, पाळीपाळीने. लाथ बरगड्यांत बसली की पोकळ आवाज येई आणि पोटात बसली की आवाजच येत नसे. एकाने खिशातून सुरी काढली, वाकला, आणि वळकटीचे पट्टे कापून कापड काखेत मारले.

कोर्रादोला एकाने मागून दोन्ही दंडांना धरले होते. कोर्रादोने डोके मागे फेकून त्याचे तोंड फोडण्याचा प्रयत्न केला. तो माणूस त्याच्या कानाशी, न रागावता म्हणाला, "तुझा यात काही संबंध नाही. गप उभा राहा."

इव्हो तेव्हा फरशीवर होता. बहिरा नव्हता.

इस्पितळात त्याची प्लीहा काढावी लागली. जबडा तारांनी बांधला. बोलता आले तेव्हा तो दातांच्या फटीतून बोलला, आणि त्याच्या तोंडून इतके कमी शब्द कोर्रादोने पूर्वी कधी ऐकले नव्हते.

"तुला धरलं होतं त्याने. काय म्हणाला?"

"तू ऐकलंस."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"माझा संबंध नाही म्हणाला."

"त्याला कसं माहीत?"

इव्होने छताकडे पाहिले. "आख्ख्या डोंगरानं अंग का टाकलं ते तू सांगतोस. हे सांगता येत नाही?"

"अजून नाही."

"मग मी सांगतो. ईस्टरला तू म्हणालास, वर्षभर थांबा. मी हसलो." त्याने श्वास घेतला; बरगड्यांनी तो अर्ध्यात अडवला. "आता थांबलोय. तुझ्या घरात मी येणार नाही, कोर्रादो. कारण सांगता येईल तेव्हा ये. नाहीतर येऊ नकोस."

एल्दाचा फोन कोर्रादोला बाहेरच्या पायऱ्यांवर आला. ती पुढच्या गाडीने निघत होती.

"एकच विचारते. तू कोणाला काही सांगितलं होतंस?"

"एल्दा, तू मला ओळखतेस."

"ओळखते. म्हणूनच विचारतेय. तू ठरवलंस की ठरवलंस."

पोलीस निरीक्षक तेसारी बाईंनाही हाच संशय होता, फक्त त्यांना संशय घेण्याचा पगार मिळे. पन्नाशीच्या, जाडजूड, तोंडात सतत ज्येष्ठमधाची गोळी. होणाऱ्या मेव्हण्याचा विरोध, तीन हल्ले, आणि एकही ओरखडा नसलेला सोबती. त्यांनी हे बोटांवर मोजून दाखवले.

"चोरीला काय गेलं?" त्यांनी विचारले.

"एक कापड."

"पाकीट, फोन, सगळं सोडून कापड?"

"हो. म्हणूनच कारण त्या कापडात असणार असं मला वाटतं." कोर्रादोने इव्होचे फोटो उघडून फोन पुढे केला.

बाईंच्या तोंडातली गोळी थांबली. त्यांनी एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, मग चष्मा लावून पहिला पुन्हा पाहिला.

"कुठले म्हणालात तुम्ही?"

"आओस्ताकडचे."

"तिकडे फुटबॉल नसतो?"

"बर्फ असतो."

"देवा." त्या खुर्चीत मागे रेलल्या. "अहो, हा पोर्तो व्हेलीनोच्या फुटबॉल समर्थकांच्या टोळीचा बॅनर आहे. बॅनरचा तुकडा. त्यांच्या मैदानावर मी बंदोबस्ताला होते, हा रंग मी झोपेत ओळखीन. 'जुनं जकात नाकं' म्हणवतात स्वतःला, तिथल्या एका बारवरून. पुरुषभर उंचीची अक्षरं होती; हे मोडक्या शिडीसारखे पट्टे म्हणजे त्यातली शेजारशेजारची दोन अक्षरं आहेत. दोन वर्षांपूर्वी विरोधी टोळीने सामन्यात तो पळवला. त्या मारामारीत एका पोराचा डोळा गेला. या लोकांचा नियम असा की बॅनर गेला तर टोळी संपली. वीस-वीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं दुसऱ्या रविवारी मैदानात वेगवेगळी बसतात. आणि पळवणारे तो मिरवतात. उलटा टांगून. त्यांच्यात याहून मोठी शिवी नाही."

"उलटा?"

"तुमच्या खिडकीत आहे तसा. पाय वर. आणि खाली तुमचा मित्र दात काढतोय. एका शहरात, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. त्यांची अर्धी पोरं कामाधंद्याला याच रेल्वेमार्गावर विखुरलीत. त्यांना वाटलं असणार, वरात काढलीये."

"आम्हाला माहीत नव्हतं. बाजारात ताडपत्री म्हणून घेतलं."

"तेच तर मला पटत नाही." बाई पुढे झुकल्या. "माहीत नसलेला माणूस कधी उलटा टांगेल, कधी सुलटा. नाणं उडवल्यासारखं. इथे पिआचेन्झापासून बोलोन्यापर्यंत रोज उलटा. एकदाही चूक नाही. बांधायचं कोण?"

"मी."

गोळी गालाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. "म्हणजे फोटोत तोंड त्याचं आणि वर हात तुमचे."

युक्तिवाद बिनतोड होता, आणि कोर्रादोने तो मनातल्या मनात दोनदा तपासून मान्य केला. अज्ञानाचे परिणाम विस्कळीत असते, कधी असे, कधी तसे. हे परिणाम विस्कळीत नव्हते; तेव्हा काहीतरी नियम काम करत होता, आणि तो नियम एक तर त्याच्या डोक्यात होता किंवा डोक्याबाहेर. दोऱ्या बांधल्याचे त्याला आठवत होते. त्या तशाच का बांधल्या हे आठवत नव्हते. स्मरणशक्तीला तो पुरावा मानत नसे. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचे सोबती उतार कोसळण्याआधी ऐकलेल्या आवाजांबद्दल काय काय शपथेवर सांगतात, ते त्याने पुष्कळदा ऐकले होते. फोटो इव्होने खालून काढले होते, त्यांत कापडाची लोंबती कड वाऱ्याने वळलेली दिसे. बर्फ तपासायचा तर खड्ड्यात उतरावे लागते. कापड तपासायचे तर ते जिथे होते तिथे जावे लागणार होते.

"तिकडे जाऊ नका," बाई म्हणाल्या. "आमची माणसं जातील, तपास होईल."

"तोवर ते कापड जाळलं तर?"

"तर जळेल. तुमचा जबडा जागेवर राहील."

तो दुसऱ्या दिवशी गेला.

पोर्तो व्हेलीनोत दुपारी मासळीबाजार धुऊन बंद झाला होता. 'जुनं जकात नाकं' नावाच्या बारच्या हिरव्या झडपा अर्ध्या लावलेल्या होत्या. आत सात-आठ माणसे पत्ते खेळत होती आणि गल्ल्यामागे साठीचा, आखूड मानेचा एक माणूस पेले पुसत होता. नाव नेरेओ, हे कोर्रादोला नंतर कळले. कोर्रादोने सगळे सरळ सांगून टाकले, कारण दुसरी कोणती पद्धत त्याला येत नव्हती.

"बोलोन्यात तुम्ही ज्याला मारलं, त्याच्याबरोबर मी होतो. खिडकीत ते कापड बांधायचो मी. तो नाही. मला ते एकदा पाहायचंय."

पत्ते थांबले. कोणीतरी उठून झडपा पूर्ण लावल्या.

"हा पहाडी बघा," एक जण म्हणाला. "स्वतःच्या पायांनी आलाय."

"शेळ्या कोणाकडे ठेवून आलास रे?"

कोपऱ्यातून एक तरुण उठला. त्याच्या उजव्या डोळ्याच्या जागी कातडी आत ओढली गेली होती. "बापा," तो नेरेओला म्हणाला, "हा माझा."

"फोस्को, आधी विचारू दे," नेरेओ म्हणाला.

"विचार ना. तोंड शाबूत ठेवतो."

ते वचन त्याने पाळले नाही. पहिल्या फटक्यात पट्ट्याचे बक्कल कोर्रादोच्या ओठातून दातावर वाजले. दुसरा मानेवर बसला. तो खाली पडला तेव्हा फोस्कोने त्याला केसांनी धरून उठवले, मित्रासारखे बाकावर बसवले आणि पोटात गुडघा घातला. कोर्रादोच्या तोंडातून रक्त आणि सकाळची कॉफी एकत्र आली. कोणी ओरडत नव्हते, हे त्याच्या लक्षात आले. फक्त पट्ट्याचा, श्वासाचा आणि बाक सरकण्याचा आवाज होता.

"कोणी पाठवलं तुम्हाला?" फोस्कोने विचारले. "किती दिले? माझा हा डोळा गेला त्या दिवशी तूही तिथे होतास?"

"नव्हतो. बाजारात घेतलं. पिआचेन्झाला."

"आणि रोज उलटा टांगलास."

"हो."

"का?"

"तेच शोधायला आलोय."

कोणीतरी हसले. फोस्को हसला नाही. त्याने कोर्रादोचा डावा हात गल्ल्याच्या लाकडावर पसरला, दुसऱ्याने मनगट दाबून धरले, आणि फोस्कोने भरल्या बाटलीचे बूड दोन बोटांवर आणले. बाटली फुटली नाही. कोर्रादोला आपली दोन बोटे चुकीच्या दिशेला वळलेली दिसली. कळ नंतर आली, आणि आली तेव्हा त्याला काही काळ काहीच दिसले नाही.

"पुरे," नेरेओ म्हणाला.

"अजून एक हात आहे."

"तो लागेल त्याला. कापड आणा."

बॅनर परत आल्यापासून खोक्यात घडी घालून ठेवला होता. उलटा मिरवला गेलेला बॅनर, ज्याने मिरवला त्यानेच सर्वांसमक्ष सुलटा केल्याशिवाय भिंतीवर जायचा नाही, असे नेरेओने ठरवले होते. आणि इव्हो इस्पितळात असल्यामुळे ते खोळंबले होते. गल्ल्यासमोरच्या भिंतीत दोन मोठे आकडे होते. माणसे उठून उभी राहिली. दोघांनी टोप्या काढल्या.

"ऊठ," नेरेओ कोर्रादोला म्हणाला. "टांग. सुलटा. मग जा, तुला कोणी अडवणार नाही."

"पाय कुठले?" कोर्रादोने विचारले.

"पांढरी किनार आहे ती बाजू खाली. आपल्या हाताने रंगवलाय मी."

कोर्रादोने कापड उजव्या हाताने आणि डाव्या कोपराने उलगडले. पांढरी किनार खाली सोडली. त्या किनारीत, ताडपत्रीला असतात तशा, पितळी रिंगा ओळीने ठोकलेल्या होत्या. मग त्याने वरची कड धरली आणि आकड्यात अडकवण्यासाठी रिंग शोधू लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. परत फिरवला.

"टांग ना!" फोस्कोने त्याच्या पाठीत लाथ घातली. तो भिंतीवर आदळला, कापडासकट घसरला, आणि तिथेच गुडघ्यांवर राहून पुन्हा कड तपासू लागला.

"नाटकं करतोय, बापा."

"रिंगा नाहीत," कोर्रादो म्हणाला.

"काय?"

"या बाजूला रिंगा नाहीत. हा शिवलेला काठ नाही. कापलेला आहे. बघा."

फोस्कोने पट्टा उचलला. नेरेओने त्याच्या छातीवर हात आडवा धरला, गल्ल्यामागून बाहेर आला, आणि कड बोटांत घेतली. ती दुमडून शिवलेली नव्हती. उघड्या धाग्यांची होती आणि पात्याने ओढल्यासारखी किंचित नागमोडी होती. त्याने स्वतः ती आकड्याला लावून पाहिली. कापड घसरून खाली आले. त्याने पुन्हा लावली. पुन्हा आले.

मग तो गल्ल्याकडे गेला. तिथे, बाटल्यांच्या वर, काचेच्या चौकटीत एक पांढरी कापडी पट्टी होती. पितळी रिंगा आणि रिंगांत अजून गाठी मारलेली दोरी असलेली ती पट्टी मैदानाच्या कठड्यावरच राहून गेली होती. टोळीकडे उरलेली तेवढीच गोष्ट. बारमधला प्रत्येक माणूस ती रोज पाहत होता. नेरेओने चौकट गल्ल्यावर आपटून काच फोडली, पट्टी काढली, आणि कापडाच्या वरच्या कडेशी, दोन ठिकाणी सरकवून पाहिल्यावर, जुळवून धरली. नागमोड नागमोडीत बसली. एका जागी पाते घसरून खाच पडली होती, तीही बसली.

टोप्या काढलेले दोघे पुढे येऊन त्या जोडावर वाकले.

"म्हणजे काय?" फोस्कोने विचारले.

"म्हणजे तू बांधला असतास," नेरेओ म्हणाला, "तरी उलटाच लटकला असता."

फोस्कोने बापाकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले. त्याची मूठ अजून पट्ट्याभोवती वळलेली होती. ती सोडायची कशी, हे त्याला सुचत नसावे. शेवटी कोणीतरी फडक्यात बर्फ बांधून आणला आणि कोर्रादोच्या हाताशी ठेवला.

कोर्रादोने फोन मागितला. नंबर नेरेओने लावून दिला, कारण कोर्रादोने उजव्या हाताने बर्फाचे फडके डाव्यावर दाबून धरले होते.

"कारण सापडलं," तो म्हणाला. फाटलेल्या ओठामुळे शब्द नीट उमटत नव्हते.

"तुझ्या तोंडाला काय झालं?" इव्होने विचारले.

"तुला झालं तेच. ऐकतोस?"

"थांब. एल्दा इथेच आहे. तिलाही ऐकू दे. बोल."

कोर्रादोने अहवाल लिहितो त्याच क्रमाने सांगितले. कापड हा एका टोळीच्या चोरलेल्या बॅनरचा तुकडा होता. तो उलटा टांगणे ही त्या लोकांत सर्वांत मोठी शिवी. इव्होचे तोंड प्रत्येक फोटोत होते, कोर्रादोचे एकाही नव्हते. म्हणून मार इव्होला पडला आणि कोर्रादोला सोडून दिले गेले. कोणी कोणाला काही सांगितलेले नव्हते. आणि कापड रोज उलटे का लटकत होते, तर दोन वर्षांपूर्वी चोरांनी ते कठड्यावरून ओढताना वरच्या रिंगांच्या खालून सुरी चालवली होती. वरच्या रिंगा कठड्यावर राहिल्या. खालच्या कापडाबरोबर आल्या. दोरी ओवायला छिद्रे फक्त त्या एका काठाला उरली होती, आणि दोरी ज्या काठात ओवावी तो काठ वर जातो.